पित्तक्षार आणि ट्वीनचं मिश्रण पुन्हा पुन्हा गढूळ होत असेल तर

ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून मी रबाळ्याला उतरते. लॅबचं कुलूप उघडल्यावर माझं पहिलं काम म्हणजे रॅकवरच्या बाटल्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरून बघणं. ही १४ वर्षांची सवय आहे आणि ती एकाच बिघाडामुळे लागली. सोडियम डीऑक्सीकोलेट किंवा सोडियम कोलेटसारखा पित्तक्षार आणि ट्वीन ८० किंवा ट्रायटॉन एक्स-१०० सारखा नॉनआयोनिक सरफॅक्टंट (साबणासारखा, पण बिनभाराचा पदार्थ) एकत्र करून मिश्र मायसेलचं, म्हणजे पाण्यात न विरघळणारं औषध पोटात धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांचं द्रावण बनवायचं, संध्याकाळी ते काचेसारखं लख्ख दिसायचं आणि सकाळी त्यात दूध ओतल्यासारखं व्हायचं. मग ट्रेनी धावत येणार, "मॅडम, परत साका बसला." बहुतेक ठिकाणी यावर पहिला उपाय होतो तो नवी बाटली मागवण्याचा. डीऑक्सीकोलेट स्वस्त नाही. नवी बाटली येते, आठ दिवसांनी तेच होतं. मी जितक्या वेळा हे निस्तरलं, त्यातल्या बहुतेक वेळा रसायन चांगलंच निघालं.

लक्षणं नीट बघा, कारण गढूळपणा सात प्रकारचा असतो

एक, मिसळताक्षणी पांढरे कण दिसतात आणि तासाभरात तळाला साका बसतो.

दोन, रात्री पातळ असलेलं द्रावण सकाळी जेली होतं. बाटली तिरकी केली तर खरवसासारखं थरथरतं, पण ओघळत नाही.

तीन, गरम केल्यावर दुधाळ होतं, गार झाल्यावर पुन्हा स्वच्छ.

चार, याच्या उलट. फ्रिजमध्ये गढूळ होतं किंवा सुयांसारखे स्फटिक दिसतात, बाहेर काढून ठेवलं की विरघळतं.

पाच, साठ्याचं घट्ट द्रावण उत्तम, पण पाण्याने किंवा बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) पातळ केलं की थोड्या वेळाने धूसर.

सहा, दोन-तीन महिने काहीच होत नाही, मग हळूहळू धूसरपणा येतो आणि झाकण उघडल्यावर खवट वास.

सात, तरंगणारे धागे, बाटली फिरवली की रेशमासारख्या लाटा. ही बुरशी किंवा जिवाणूंची वाढ आहे. इथे मायसेलचा प्रश्न नाही. निर्जंतुक करून टाकून द्या आणि पुढचं वाचायची गरज नाही.

काळा कागद मागे धरून बॅटरीच्या उजेडात बघा. नुसती हलकी निळसर झाक असेल तर लगेच बिघाड समजू नका. औषध पोटात घेतलेल्या मोठ्या मायसेलमुळेही ती दिसते. रोज बघून ती वाढते आहे का, एवढं वहीत लिहा.

दोन भागीदार आणि त्यांचे स्वभाव

पुढच्या सगळ्या तपासण्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी सांगते.

ट्वीन किंवा ट्रायटॉनचा रेणू आपल्या पुस्तकातल्या चित्रासारखा असतो: पाण्याकडे ओढ असलेलं लांब डोकं आणि तेलकट शेपूट. पित्तक्षाराचा तसा नसतो. तो पाटासारखा सपाट असतो. पाटाच्या एका बाजूला हायड्रॉक्सिल गट, त्यामुळे ती बाजू पाण्याकडे; दुसरी बाजू तेलकट; आणि एका टोकाला ऋण भार. कोलेटला असे तीन हायड्रॉक्सिल, डीऑक्सीकोलेटला दोन. म्हणून डीऑक्सीकोलेट जास्त तेलकट आहे, नॉनआयोनिकशी त्याची जवळीक जास्त असते, आणि बिघडतंही तेच आधी.

पित्तक्षार एकटे असले की तेलकट पाठी एकमेकांना लावून लहान लहान पुंजके करतात. कोलेटचे दोन-चार रेणूंचे, डीऑक्सीकोलेटचे साधारण चार ते दहा. ट्रायटॉन एक्स-१०० च्या मायसेलमध्ये मात्र शंभराच्या वर रेणू असतात. दोघं एकत्र आले की पित्तक्षाराचे पाट नॉनआयोनिकच्या मायसेलच्या पृष्ठभागालगत, त्याच्या लांब डोक्याच्या, म्हणजे पॉलिऑक्सिइथिलीनच्या साखळ्यांमध्ये जाऊन बसतात. ऋण भार असलेली डोकी एकमेकांना ढकलत होती, त्यांच्यामध्ये आता बिनभाराची डोकी आली, ढकलाढकली कमी झाली. त्यामुळे मिश्रणाचे मायसेल अपेक्षेपेक्षा कमी सांद्रतेला तयार होतात. बदल्यात पित्तक्षार आपला भार मायसेलला देतो, त्यामुळे मायसेल एकमेकांपासून दूर राहतात आणि द्रावण स्वच्छ दिसतं.

पण या भागीदारीत पित्तक्षार हाच डळमळीत भागीदार आहे. एक तर त्याचा भार पीएचवर आणि पाण्यातल्या कॅल्शियमवर अवलंबून असतो. दुसरं, तो मायसेल सोडून पाण्यात सहज निघून जातो. ट्वीन ८० चे मायसेल साधारण ०.०१२ मिलिमोलरला तयार होतात. डीऑक्सीकोलेटला परिस्थितीनुसार २ ते ६ मिलिमोलर लागतात आणि कोलेटला ९ ते १५. गढूळपणा आला की मी स्वतःला विचारते: पित्तक्षाराने भार गमावला, की तो घर सोडून गेला? खालच्या तपासण्या याच प्रश्नाचं उत्तर शोधतात.

बाटलीवरचं लेबल वाचा

फुकट तपासणी, आणि ती कुणी करत नाही. ट्रायटॉन एक्स-१०० आणि ट्रायटॉन एक्स-११४ या बाटल्या शेजारी शेजारी असतात. एक्स-१०० चं द्रावण साधारण ६५ अंशांना गढूळ होतं, एक्स-११४ चं २२ ते २५ अंशांना. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत एक्स-११४ चे चक्क दोन थर होतात. पित्तक्षार मिसळला असेल तर हे तापमान वर सरकतं, म्हणून चूक सकाळी लपते आणि दुपारी उघडी पडते.

तसंच पित्तक्षाराच्या लेबलवर काय लिहिलं आहे ते पूर्ण वाचा: कोलेट, डीऑक्सीकोलेट, टॉरोकोलेट, की नुसतं 'बाईल सॉल्ट्स'. शेवटचं म्हणजे जीवाणूशास्त्राच्या माध्यमांसाठीचं मिश्रण असतं. त्यात कशाचं प्रमाण किती हे दर लॉटला वेगळं. मिश्र मायसेलसाठी ते वापरू नका.

कोमट पाण्यात धरून बघा

पाच मिलि द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घ्या. आधी ४० अंशांच्या पाण्यात, मग बर्फात. दिशा महत्त्वाची.

गरम केल्यावर गढूळ आणि गार केल्यावर साफ होत असेल तर तो नॉनआयोनिकचा क्लाउड पॉइंट, म्हणजे गढूळ होण्याचं तापमान आहे. गरमीत पॉलिऑक्सिइथिलीनच्या साखळ्यांनी धरलेलं पाणी सुटतं आणि मायसेल एकमेकांना चिकटतात. पित्तक्षाराच्या भारामुळे हे तापमान खूप वर जायला हवं. तसं होत नसेल तर भार कुठेतरी झाकला गेला आहे. मीठ जास्त झालं असेल, किंवा फॉस्फेट-सल्फेट जास्त असेल, किंवा पीएच उतरला असेल.

गारठ्यात गढूळ आणि कोमट केल्यावर साफ होत असेल तर आधी बघा, तुमच्या मिश्रणात एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, ऋण भाराचा सरफॅक्टंट) आहे का. पेशी फोडण्यासाठी वापरतात तो रिपा बफर म्हणजे आपलंच मिश्रण आहे: १ टक्का ट्रायटॉन किंवा एनपी-४०, ०.५ टक्का डीऑक्सीकोलेट, ०.१ टक्का एसडीएस, १५० मिलिमोलर मीठ आणि ट्रिस हा बफर. ४ अंशांना त्यातलं एसडीएस खाली बसू शकतं. वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला आणून हलवलं की काम होतं. पण हा बफर कुणी पोटॅशियम असलेल्या फॉस्फेट सलाइनमध्ये बनवला असेल तर पोटॅशियम आणि एसडीएसची जोडी सहजासहजी विरघळत नाही. तो ओतून पुन्हा सोडियमच्या क्षारांनी बनवा.

कोमट आणि गार दोन्हीत काहीच फरक पडत नसेल तर पुढे चला.

पीएच: त्याच बाटलीचा, त्याच तापमानाला

मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी ही करेन. माझ्या हातून दुरुस्त झालेल्या बाटल्यांपैकी सगळ्यात जास्त इथेच दुरुस्त झाल्या.

ट्रेनीला पीएच किती आहे विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, बफर आठचा घेतला होता." मी बफरचा पीएच विचारत नाही, या बाटलीतल्या द्रावणाचा विचारते. दोन्हींत फरक पडण्याची कारणं बरीच आहेत. औषध स्वतः आम्लधर्मी असतं. ट्वीन जुनं असेल तर त्यात आम्ल तयार झालेलं असतं. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ५.६-५.७ पर्यंत उतरतं, आणि बफर पातळ असेल तर ते त्यालाही खाली ओढतं.

पीएच उतरला की डीऑक्सीकोलेटचा ऋण भार जातो आणि डीऑक्सीकोलिक आम्ल बनतं, जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पुस्तकात पित्ताम्लांचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा भार गेलेला असतो तो आकडा) ५ ते ६.५ च्या आसपास दिलेला असतो, म्हणून मुलांना वाटतं की ७ सुरक्षित आहे. तसं नाही. भार गेलेल्या रेणूला मायसेलच्या तेलकट भागात जागा मिळते, त्यामुळे तिथे आम्ल होण्याकडे त्याचा कल वाढतो. शिवाय द्रावणात मीठ असेल तर डीऑक्सीकोलेट ७ ते ७.८ च्या पट्ट्यात लांब लांब पीळदार साखळ्या करून जेली होऊ शकतं. खरवसासारखं थरथरणारं ते हेच. माझा नियम असा की डीऑक्सीकोलेट असेल तर ८ च्या खाली उतरायचं नाही, कोलेट असेल तर ७ च्या.

ट्वीन यात फसवतं. थोडं डीऑक्सीकोलिक आम्ल ते पोटात ठेवतं, त्यामुळे चूक झाली तरी द्रावण संध्याकाळपर्यंत स्वच्छ दिसतं आणि साका रात्री बसतो. म्हणून संध्याकाळी दिसलेल्या स्वच्छपणावर विश्वास ठेवू नका, आकड्यावर ठेवा.

पडताळणी सोपी आहे. ५ मिलि गढूळ द्रावण घ्या, ढवळत ढवळत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब थेंब टाका, प्रत्येक थेंबानंतर मिनिटभर थांबा. पीएच ८ ते ८.५ च्या दरम्यान द्रावण लख्ख झालं तर निदान पक्कं. ९ च्या वर नेऊ नका, आणि नेलं तर ते द्रावण ठेवून वापरू नका. ट्वीन हे एस्टर आहे, अल्कलीत ते तुटतं आणि ओलिक आम्ल सुटतं. आजची दुरुस्ती पुढच्या महिन्याचा बिघाड होईल.

ट्रिसबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो हमखास दगा देतो. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. कोल्ड रूममध्ये ४ अंशांना ७.६ लावलेला ट्रिस बाहेर ३० अंशांच्या टेबलावर आला की ६.९ च्या आसपास असतो. कोल्ड रूममध्ये लख्ख आणि टेबलावर साका, असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका. पीएच ज्या तापमानाला वापरणार, त्याच तापमानाला लावा.

पीएच लावताना आम्ल थेट मिश्रणात टाकू नका. थेंब पडतो त्या जागी क्षणभर पीएच खूप खाली जातो, पांढरे तुकडे बनतात आणि ते पुन्हा विरघळायला तास-तास घेतात. बफर आधी लावून घ्या, पित्तक्षार नंतर.

मीटरचा इलेक्ट्रोडही बघा. पित्तक्षारात बुडवलेला इलेक्ट्रोड न धुता पीएच ४ च्या बफरमध्ये कॅलिब्रेट केला, तर त्याच्या तोंडावर पित्ताम्लाचा पांढरा थर जमतो. मग काटा सुस्त होतो आणि खोटं वाचन देतो. अल्कोहोल-पाण्याने धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजत ठेवा. पीएचची पट्टी काढून ताडून बघायलाही लाज वाटू देऊ नका. दोन रुपयांच्या पट्टीने मला हजारोंच्या मीटरची चूक दाखवली आहे.

तुमचं औषध अल्कली सोसत नसेल तर पीएच वाढवण्याचा हट्ट सोडा. हळदीतलं करक्युमिन ८ च्या वर गेलं की लालसर होतं आणि भराभर तुटतं. अशा वेळी पित्तक्षार बदला. टॉरोकोलेटचा आम्लगट सल्फोनिक असल्यामुळे पीएच ५ ला सुद्धा त्याचा भार जात नाही. जेवणानंतरच्या आतड्याची नक्कल करणाऱ्या फेसिफ द्रावणात, पीएच ५ ला, १५ मिलिमोलर टॉरोकोलेट घेतात, त्यामागचं एक कारण हेच. उपाशी अवस्थेच्या फॅसिफमध्ये पीएच ६.५ आणि टॉरोकोलेट ३ मिलिमोलर. पैसे वाचवायला त्या जागी साधं कोलेट घालून पीएच ५ ला 'द्रावण बसतं' म्हणून आलेल्या बाटल्या मी बघितल्या आहेत. ते बसणारच.

पाणी

आमच्या पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं. ते बंद असलं की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, बोअरचं, हे कुणालाच माहीत नसतं. आरओ प्लांटचं काडतूस एका आठवड्यात थकतं, आणि हे लॅबला समजतं ते पित्तक्षार गढूळ झाल्यावर.

१०० पीपीएम काठिण्य म्हणजे १ मिलिमोलर कॅल्शियम. कॅल्शियमवर दोन धन भार, म्हणून एक आयन डीऑक्सीकोलेटचे दोन रेणू धरतो. ०.५ टक्का डीऑक्सीकोलेट म्हणजे १२ मिलिमोलर. त्यातले २ मिलिमोलर, म्हणजे सहावा हिस्सा, अशा पाण्यात कॅल्शियमच्या हाती लागू शकतो. डीऑक्सीकोलेट आणि ग्लायसीन जोडलेले दोन-हायड्रॉक्सिलवाले पित्तक्षार याला फार लवकर बळी पडतात, टॉरीन जोडलेले बरेच तग धरतात.

कंडक्टिव्हिटी मीटर बुडवा, पाण्यात क्षार किती आहेत याचा अंदाज तो देतो. २५ अंशांना शुद्ध पाण्याची मर्यादा औषधशास्त्रात १.३ मायक्रोसीमेन्स आहे. हवेत उघडं ठेवलेलं चांगलं पाणी १ च्या आसपास येतं, ते ठीक. १० दिसलं तर शंका घ्या, ५० दिसलं तर ते पाणी वापरूच नका.

पडताळणीसाठी ५ मिलि गढूळ द्रावणात पीएच ८ ला लावलेलं ०.५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) १०० मायक्रोलिटर टाका, कोमट पाण्यात तासभर ठेवा. घाई करू नका, बसलेला कॅल्शियमचा क्षार सावकाश सुटतो. साफ झालं तर पाणी किंवा भांडी दोषी. ईडीटीए कॅल्शियम धरताना प्रोटॉन सोडतं, त्यामुळे पीएच किंचित उतरतो. तासाभराने पीएच पुन्हा बघा, नाहीतर एक बिघाड गेला आणि दुसरा आला असं होईल.

भांड्यांबद्दल. आमच्या मावशी काचेची भांडी अतिशय नीट धुतात, पण नळाच्या पाण्याने. शेवटचं विसळणं डीआय (आयन काढलेल्या) पाण्याचं हवं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्याच आठवड्यात दोन बॅचचा साका थांबला. ही गोष्ट मोरीजवळ मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून चिकटवा.

मोजमाप आणि क्रम

यावर थोडक्यात. ट्वीन ८० मधासारखं घट्ट असतं, पिपेटच्या टोकात बरंच चिकटून राहतं. ते मोजू नका, वजन करून घ्या. पित्तक्षार जुलैच्या दमट हवेत ओल धरतो आणि गोळे होतात. डबा सिलिका जेलसोबत घट्ट बंद ठेवा. मोनोहायड्रेट आहे की निर्जल, त्यावर वजनात चार टक्क्यांचा फरक पडतो. यातल्या एकट्या कशानेही सहसा साका बसत नाही, पण द्रावण काठावर असेल तर ढकललं जातं.

क्रम मात्र पाळा. पीएच लावलेला बफर, त्यात पित्तक्षार पूर्ण विरघळवा, ट्वीन वेगळ्या थोड्या बफरमध्ये विरघळवून मिसळा, मग औषध, आणि मीठ सगळ्यात शेवटी, हळूहळू. मीठ आधी घातलं तर पित्तक्षार नॉनआयोनिकमध्ये जाऊन बसण्याआधीच आपसांत गोळा होतो.

भुकटी तोलताना मास्क लावा. तिची धूळ नाकाला आणि घशाला फार त्रास देते.

पातळ केल्यावर गढूळ: इथे आकडेमोड करावीच लागते

पाचवं लक्षण सगळ्यात गैरसमजाचं. "साठा स्वच्छ आहे म्हणजे कृती बरोबर आहे," असं म्हणून लोक पातळ करणाऱ्या पाण्याला दोष देतात. दोष पाण्याचा नसतो, पातळ करण्याचाच असतो.

एक नेहमीचं मिश्रण घेऊ: ०.५ टक्का डीऑक्सीकोलेट म्हणजे १२ मिलिमोलर, १ टक्का ट्वीन ८० म्हणजे साधारण ७.६ मिलिमोलर. डीऑक्सीकोलेटची क्रांतिक सांद्रता, म्हणजे ज्या सांद्रतेला मायसेल बनू लागतात ती, ३ मिलिमोलर धरू. १९७५ मध्ये क्लिंटने मांडलेल्या आदर्श मिश्रणाच्या हिशेबाने, साठ्यातल्या मायसेलमध्ये शंभरातले ५७ रेणू पित्तक्षाराचे असतात. डीऑक्सीकोलेटचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग मायसेलमध्ये असतो.

आता शंभरपट पातळ करा. डीऑक्सीकोलेट ०.१२ मिलिमोलर उरलं, ट्वीन ०.०७६. ट्वीन अजूनही आपल्या ०.०१२ च्या वर आहे, म्हणजे मायसेल शिल्लक आहेत. पण त्याच हिशेबाने आता मायसेलमध्ये शंभरात जेमतेम ४ रेणू पित्तक्षाराचे. बाकी सगळे पाण्यात निघून गेले. मायसेल मोडले नाहीत, बदलले. आणि जे औषध पित्तक्षाराच्या सपाट तेलकट बाजूला टेकून बसलं होतं, ते उघड्यावर आलं.

खऱ्या मिश्रणात दोघांमध्ये ओढ असते, म्हणून पित्तक्षार या हिशेबापेक्षा थोडा जास्त टिकून राहतो. ती ओढ मोजायला १९७९ चं रुबिंगचं समीकरण वापरतात. त्यातला बीटा ऋण आला की ओढ आहे. पण शंभरपट पातळ केल्यावर ही ओढ पित्तक्षाराला थोपवू शकत नाही. दिशा तीच राहते.

उपाय दोन. पातळ करण्याच्या बफरमध्येच २-३ मिलिमोलर तोच पित्तक्षार घाला, म्हणजे मायसेलमधल्याला बाहेर पडायची गरज उरत नाही. किंवा कृतीतच ट्वीन वाढवा आणि पित्तक्षार कमी करा, म्हणजे औषध मुळापासून ट्वीनच्या गाभ्यात बसेल. दुसरा उपाय सगळ्या औषधांना लागू पडत नाही. एकदा करून मोजा.

अँफोटेरिसिन-बी या बुरशीवरच्या औषधाचं जुनं, साधं इंजेक्शन डीऑक्सीकोलेटवर तोललेलं आहे: ५० मिलिग्रॅम औषधामागे सुमारे ४१ मिलिग्रॅम सोडियम डीऑक्सीकोलेट. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसमुळे हे नाव घरोघर पोचलं. ते ५ टक्के डेक्सट्रोजमध्येच पातळ करायचं असतं, सलाइनमध्ये नाही, कारण मिठाने ते खाली बसतं. वर सांगितलेला मिठाचा मुद्दा रुग्णाच्या पलंगाशेजारी किती गंभीर होतो, हे मी प्रत्येक ट्रेनीला यावरूनच समजावते.

ट्वीनचं वय

सहावं लक्षण. ट्वीनच्या पॉलिऑक्सिइथिलीन साखळ्या हवा आणि उजेडात ऑक्सिजन घेतात, पेरॉक्साइड बनतं, पुढे फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल. पीएच उतरतो आणि आपण पुन्हा डीऑक्सीकोलिक आम्लापाशी येतो. म्हणून या बाटलीत पीएच दुरुस्त केल्यावर द्रावण साफ होतं, पण महिन्याभरात पुन्हा बिघडतं. ही पुनरावृत्ती हीच खूण. पेरॉक्साइडची पट्टी बुडवा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, लहान बाटल्या मागवा, नायट्रोजन असेल तर बाटलीतल्या वरच्या रिकाम्या जागेत सोडून बंद करा, अंधारात गार ठेवा. औषध ऑक्सिडेशनला हळवं असेल तर जुन्या ट्वीनने साका बसण्याआधीच औषध मारलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

इथे थांबा

द्रावण इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब किंवा कुठल्याही रुग्णासाठी असेल, तर वरच्यातलं काहीही करून ते वाचवू नका. गाळून स्वच्छ दिसलं तरी नाही. गाळणीत अडकलं ते औषधच असू शकतं. बॅच बाजूला ठेवा, क्वालिटी विभागाला आणि फार्मासिस्टला कळवा.

पीएच, पाणी आणि तापमान तिन्ही बरोबर आहेत, पातळ करण्याचा हिशेब जुळतो, ट्वीन ताजं आहे, आणि तरी सलग तिसरी बॅच बसली, तर लॅबच्या टेबलावर याचं उत्तर नाही. मायसेलचा आकार डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर मोजून घ्यावा लागेल, औषध तुटलं का ते एचपीएलसीवर बघावं लागेल, साका नेमका कशाचा हे इन्फ्रारेडवर. ही कामं बाहेरच्या विश्लेषण प्रयोगशाळेकडे द्या. आरओचं काडतूस बदलूनही कंडक्टिव्हिटी उतरत नसेल तर प्लांट उघडू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. पीएच मीटर दोन ताज्या बफरवरही स्थिर होत नसेल तर तेच.

फसलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, विशेषतः ट्रायटॉनचं. पर्यावरणात ते तुटून ऑक्टिलफिनॉल होतं, जे जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. युरोपात ४ जानेवारी २०२१ पासून ते विनापरवाना वापरता येत नाही. आपली खाडी दोन किलोमीटरवर आहे. वेगळ्या कॅनमध्ये जमा करून रासायनिक कचऱ्यात द्या.

बाहेर नमुना पाठवताना गढूळ बाटली हलवून, गरम करून किंवा गाळून पाठवू नका. जशी आहे तशी, आणि तिच्याबरोबर त्याच दिवशीच्या बफरची, पाण्याची आणि ट्वीनची एकेक लहान कुपी. कागदावर पीएच, तो कुठल्या तापमानाला मोजला, सगळ्यांचे लॉट नंबर, कुठल्या क्रमाने मिसळलं, आणि पहिल्यांदा गढूळ दिसलं ती वेळ.